न वाटलेली जागा

जोमाकाकाच्या कॉम्प्युटरमधला डी ड्राइव्ह गेला.
गेला म्हणजे, काल होता तिथे आज नाही.
काकीने भिंतीपलीकडून हाक मारली
(भिंत साडेचार इंची, हाकेला अडत नाही)
आणि मी पुढच्या गेटाने वळसा घालून गेले.
मधलं दार विटांनी भरलंय, दोन हजार सोळापासून.

पडद्यावर काळी पट्टी. तिचं इंग्रजी मी वाचून सांगितलं:
न वाटलेली जागा.
खाली यंत्राचा नम्र प्रश्न, फॉर्मॅट करू का?
"हो म्हणालास?"
"नाय ग. मना समजलाच नाय, म्हनून हात नाय लावला."
वाचलो.

मी आधी काहीच दुरुस्त करत नाही.
आधी नक्कल.
ऑफिसातून मागून आणलेल्या डिस्कवर
एकेक सेक्टर उतरवत जायचं,
जो कण्हतो त्याला तूर्त सोडून पुढे,
सगळं झाल्यावर परत त्याच्याकडे, हलक्या हाताने.

"सेक्टर? कुठला, घनसोलीचा?"
मी हसले. मग समजावताना तेच कामी आलं.
सिडकोचा नकाशा आठव, काका.
चहूकडे आकडे, आणि मधे आपलं गोठिवली,
आकडा नसलेला पांढरा डाग.
पण चुली पेटतच होत्या ना तिथे?
तसंच हे. फायली आपापल्या जागी बसून असतील,
सातबारा तेवढा उडालाय.

सातबारा ऐकून काका उठला,
पंख्याचा वेग उगाच कमी-जास्त करत राहिला.

नऊ टक्के. चौदा. चौदा. चौदा.
काकीने तांदळाची भाकर आणि सुकट आणून ठेवली,
कीबोर्डपासून लांब, तिला माहीत आहे.
पलीकडे बाबांचा टीव्ही, बातम्या,
इकडे त्याच बातम्या अर्धा सेकंद उशिरा.

साडेअकराला वाटण्या सापडल्या. एक नाही, दोन,
एकमेकींच्या अंगावर चढलेल्या.
नवी माझीच, बारावीच्या सुट्टीत केलेली,
सी आणि डी, काय फुशारकी होती तेव्हा.
जुनी त्याआधीची: अख्खी डिस्क एक, नाव 'घर'.
कॉम्प्युटर ओटीवर असायचा, ज्याला हवा त्याचा.

दोन्ही परत लिहिता येत नाहीत.
बोट जुनीवर थांबलं. खोटं कशाला बोलू, बराच वेळ.
आत डोकावले. नावं शाबूत होती,
'माझी शाळा' उघडला तर त्याच्या पोटातून
काकाने मोबाइलवर काढलेल्या चिंबोरीची
एक नांगी तेवढी निघाली.
वर इतकं लिहून झाल्यावर
खालचं कुणाचं राहत नाही.

नवी निवडली. एक अक्षर, एंटर, पुन्हा सुरू.
डी आला, जसा काही दुकानातून जाऊन आला.

काकाला एकच फाइल हवी होती. 'खारी'.
अकरा वर्षं, रोज एक ओळ, दोन बोटांनी टाइप केलेली:
पाणी किती, काय मिळालं.
भरती पाच वीस. निवट्या सात.
ओहोटी. जिताडा एक, लहान, सोडला.
काय नाय.
काय नाय.
पाणी काळं, वास. काय नाय.
कोळंबी मूठभर, कालवणापुरती.

मधे एके ठिकाणी अक्षरं संपतात
आणि चौकोन लागतात, रिकामे, ओळीने,
मे दोन हजार सोळा, सबंध महिना.
तो सेक्टर मी चार वेळा वाचून पाहिला होता.
"एवढं नाही आलं, काका."

चष्मा सारून तो जवळ आला,
चौकोनांवरून बोट फिरवलं, जाळ्याचं भोक चाचपावं तसं.
"त्या मयन्यान मी खारीवर गेलूच नाय.
क असनार त्यात."

होतं काहीतरी. चौकोन मोजले तर
इतर कुठल्याही महिन्यापेक्षा जास्त भरले असते.
मी मोजले नाहीत.
डिस्क पिशवीत घातली, उरलेली भाकर बाबांसाठी घेतली,
वळसा घालून घरी आले.