धुण्याची धोंड

कोळंबच्या खाडीकाठी, वच्छला मेतर यांच्या विहिरीपाशी
कपडे आपटायची एक धोंड आहे.
सासऱ्यांनी बैलगाडीतून आणली म्हणे, ओसरगावच्या वाटेवरून कुठूनतरी.
जांभा नाही. काळा कातळही नाही.
फिकट, गुलाबीसर, लोखंडालाही दाद न देणारी,
आणि तिच्या पाठीवर लाटा.

लाटाच. बोट बोट अंतरावर,
ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा,
फक्त पाय बुडत नाही.

हातोडी पिशवीतच ठेवली.
साबणाचा फेस ओंजळीने बाजूला करून
मी गुडघ्यांवर बसून बघत राहिलो, तेव्हा त्या म्हणाल्या,
"काय हरावला तुमचा?"

म्हटलं, बाय, हा समुद्राचा तळ आहे.
शंभर कोटी वर्षांपूर्वीची एखादी दुपार,
उथळ पाणी, थोडा वारा.

"मगे ह्येच्यार कोणाचो पाय कसो दिसणा नाय?"

हे मला तोंडी परीक्षेतसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

सांगितलं, कोणी नव्हतंच.
कुर्ली नव्हती, बिळाभोवतीची तिची गोळ्यांची रांगोळी नव्हती,
किडा नव्हता. चिखल अजून कुणी उकरला नव्हता.
हिरवट बुळबुळीत साय होती तळावर, बस.
तोंड नव्हतं कुणाला.
डोळा नव्हता. पौर्णिमा यायची, जायची.

वच्छलाबाय पिळलेलं लुगडं तसंच धरून उभ्या.
"मगे भरती कोणासाठी येय?"

पुढचं पान तर इथे नाहीच.
चोपन्न कोटी वर्षांमागे समुद्रात एकाएकी
(एकाएकी म्हणजे दोनेक कोटी वर्षांत)
तोंडं उघडली, पाय फुटले, पाठीवर ढाली आल्या,
भीती आली,
कुणीतरी पहिल्यांदा खाली शिरून लपलं.
ते इथल्या दगडात कुणी लिहिलं नाही,
किंवा लिहिलं आणि झिजून गेलं.
इथे या गुलाबी दगडावर थेट लाव्हा,
लाव्ह्यावर जांभा, जांभ्यावर काजूची कलमं.
मधली नव्वद कोटी वर्षं
वाळवीने खाल्लेल्या दप्तरासारखी.

ओहोटीला त्या मुळे काढायला उतरल्या. मागून मी.
चिखल घोट्यापर्यंत, आणि त्यावर
इतकं गिरवलेलं, रेघा, ठिपके, वेलांट्या,
वीतभर जागा कोरी नाही.
कोयता चालता चालता मध्येच
एक वस्तू त्यांनी झटकून टाकली.
"ह्या कोण खाणत नाय."

अंगठ्याच्या नखाएवढी, हिरवट, चपटी, दोन शिंपांची,
खाली मांसल देठ, करंगळीएवढा.
जिभेसारखी.

त्या हरवलेल्या पानावरच्या घराण्यातली.
तेव्हाही असंच उभं बीळ, असाच देठ खाली रोवलेला,
पाणी वर येईपर्यंत थांबायचं.
मी काही बोललो नाही. तिने शिंपा मिटल्या.
होती तिथे परत ठेवली,
पण काही केल्या उभी राहीना.

संध्याकाळी वहीत लिहिलं :
कोळंब. धुण्याची धोंड. क्वार्ट्‌झाइट. लाटांच्या खुणा.
प्राण्याचा माग नाही.

आणि त्याखाली, का कोण जाणे :
खाडीचा चिखल. आजचा, साडेतीनचा.
दोन गुडघे, दहा बोटं, ओढत नेलेली एक टोपली.
वच्छला मेतर. दिशा घराकडे.
सहापर्यंत राहील.