उगमाचा रकाना

टेपचं टोक मी धरायचो,
डॉक्टर साटम आकडे सांगायचे,
आणि धनगरवाड्यातली ती तांबूस गाय
आमच्या दोघांकडे न बघता रवंथ करायची.

खांद्यापाशी उंची एकशे पाच.
छातीचा घेर एकशे चौतीस.
वशिंड लहान, पोळी आखूड,
शिंगं आधी मागे जाऊन मग वर वळलेली.
खूर काळे, टणक.
"फार टणक, लिही," डॉक्टर म्हणाले.
फॉर्मात 'फार'ला जागा नव्हती. समासात लिहिलं.

गुण विचारले, तेव्हा बमू झोरे बोलायला लागले
जसं काही पोरीला बघायला पाहुणे आलेत:
चार महिने पाऊस अंगावर घेते, खोकत नाय.
गोचीड धरत नाय फारशी.
वैशाखात सड्यावर काय उरतं?
कातळाच्या भेगेतलं करड, तेही बोटभर.
त्यावर पोट भरून येते, सांजेला आपली आपण.
पेंड कशाशी खातात, तिला म्हायती नाय.
बिबट्या आला तर वासरं मधे घालतात
नि शिंगं अशी बाहेर,
हे सांगताना त्यांनी आपली दोन्ही कोपरं वर केली.
आणि दूध?
"दूध वासराचं. उरलं तर आमचं."

वापर: दूध, ओढकाम, मांस.
तिसरा शब्द मी जरा हळू वाचला.
बमू रागावले नाहीत. कड्याकडे हात केला.
"पडलेलं ढोर तिथं टाकायचो.
गिधाडं यायची, पन्नास-साठ,
दुपारच्या आत हाडं धुतल्यावानी.
आता येत नायत. आता पुरतो.
जांभा फोडायला दोन दिवस जातात.
तवर वास.
लिव तुला काय लिवायचं ते."
मी रेघ ओढली.

उगम.
"हितलीच," बमू म्हणाले. थोड्या वेळाने,
"पयल्यापासनं हितलीच."
तेव्हा चुलीपासून ठकूबाई उठल्या,
हातातली फुंकणी तशीच.
"हितली कशी? मी आणली.
लग्नात बापानं कालवड दिली आंदण, मोरी.
ह्यो पुढं, मी मागं, ती मधी,
असा घाट उतरलो.
दोघी पयल्यांदाच उतरत होतो,
दोघी सारख्याच अडत होतो.
मोरीची पवळी, पवळीची चाफी, चाफीची ही.
दावणीला हाय ते समदं तिचंच."

"म्हणजे मूळ घाटावरचं?" डॉक्टरांनी विचारलं.
"नाय. मोरीची आज्जी
माझ्या आईसंगं हितनंच वर गेलेली.
खालच्या वाडीतनं."

डॉक्टर टेप गुंडाळत राहिले,
गुंडाळून झाली तरी.
मी रकान्यात लिहिलं: माहेर.

पंधरा दिवसांनी फॉर्म परत आला, लाल शेरा घेऊन:
'गाव व तालुका नमूद करावा.'
घाटावरचं ते गाव आता वाघांसाठी रिकामं केलंय.
खालच्या वाडीवर धरणाचं पाणी आहे,
उन्हाळ्यात देवळाचा कळस दिसतो, एवढंच.

फॉर्म माझ्या खणात आहे.
टेपही.
एकशे पाचाच्या रेघेवर
एक तांबूस केस चिकटलेला.