काठाचे पट्टे

वडगावात शिवशेट्टींच्या मागावरून साडी उतरते
तेव्हा कधीकधी काठ बिघडलेला निघतो.
एक धागा तुटतो, रुईफूल अर्धंच उमलतं,
आणि व्यापारी म्हणतो, नको.
तो काठ मी किलोवर आणते.
इरव्वा तराजू धरते, कन्नडात आकडे मोजते,
मी मराठीत पैसे देते.
आजवर दोघींचा हिशेब चुकलेला नाही.

कड्या उद्यमबागेतून.
जिथं ट्रॅक्टरचे सुटे भाग घडतात तिथल्या लेथवर
परशराम हुंदरे जेवणाच्या सुट्टीत त्या वाकवून देतो.
पहिल्या खेपेला म्हणाला, "म्हशीला व्हय?"
"कुत्र्याला."
"आणि विकणार कुठं?"
"फोनवर."
बराच वेळ तो माझ्या फोनकडं बघत राहिला,
जणू त्यातून आता शेपूट बाहेर येणार होतं.

दुकानाला पाटी नाही.
त्यामुळं पाटीवर कुठली अक्षरं मोठी, कुठली लहान
हा प्रश्न माझ्यापुरता सुटला.

सुरुवात कुठून झाली ते सहसा सांगत नाही.
दुसऱ्या गेटापाशी एक काळी कुत्री असायची.
केळीवाला तिला करी म्हणायचा, मी काळू.
'ये' म्हटलं तरी यायची, 'बा' म्हटलं तरी.
मार्गशीर्षातली पहाट, धुकं,
आणि टेम्पोवाला खाली उतरून परत परत म्हणत होता,
दिसलीच नाही हो, दिसलीच नाही.
खोटं बोलत नव्हता.

म्हणून काठाच्या मधोमध मी चमकती पट्टी शिवते,
रस्त्याच्या कामगारांच्या जाकिटावर असते तसली.
एक पट्टा विकला की दुसरा, अगदी तसाच,
घर नसलेल्या गळ्यात.
वर साठ रुपये लशीच्या डब्यात.
डबा कुंद्याचा आहे. नोटांना अजून खव्याचा वास येतो.

आई विचारते, "धंदा करूलैस की धर्म?
एकात एक मिसळलं की दोन्ही नासतंय बघ."
तिनं जन्मभर घरोघरी दूध घातलं,
मिसळण्याबद्दल तिला माझ्याहून जास्त कळतं.

पहिल्या महिन्यात अकरा गेले.
त्यातले दोन मावशीनं घेतले. तिच्याकडं मांजर आहे.
एक अकोल्याहून परत आला:
रंग फोटोसारखा नाही.
पैसे परत केले.
पण त्याच्या जोडीचा पट्टा
केव्हाच गेटापलीकडच्या लंगड्याच्या गळ्यात होता,
साठ रुपये त्याच्या मांडीत टोचून झाले होते.
आता त्याला काय सांगू,
गिऱ्हाइकाला पसंत नाही, दे परत?

रविवारी गौस मुल्ला रिक्षा घेऊन येतो.
पायाशी पावाची पिशवी,
मागं डॉक्टर हिरेमठ, मांडीवर बर्फाचा डबा.
गौस चुचकारतो, डॉक्टर टोचतात, मी पट्टा बांधते,
दोन बोटं सरकतील एवढा सैल.
हे माप आईचं. म्हशीच्या दाव्याचं.
धंदा की धर्म, ते तिनंही तेव्हा
म्हशीला विचारलं नसणार.

काल रात्री मिरजेकडची गाडी जायची म्हणून गेट पडलं.
मी स्कूटर उभी केली, दिवा चालूच ठेवला.
गाडी गेली. रुळांपलीकडं, गुडघ्याच्या उंचीवर,
एक रेघ लखलखली.
मग आणखी एक. मग कचराकुंडीमागं तीन एकदम.
मोजल्या. नऊ.
वहीत अकरा आहेत.
दोघं झोपले असतील,
किंवा एकानं दुसऱ्याचा कुरतडून टाकला असेल,
किंवा एखाद्या पोरानं मनगटाला बांधायला नेला असेल,
किंवा

मागून रिक्षावाला ओरडला,
आधी कन्नडात, मग मराठीत:
गेट उघडलंय की बाई, जावा की!