चालू खातं

आमची शाखा बंद झाली आणि
तिथे कुत्र्यांचं सलून निघालं.
तिजोरीच्या खोलीत शाम्पूचे कॅन.
सव्वीस वर्षं ज्या काचेमागे मी नोटा मोजल्या
तिच्यामागे आता एक पूडल वाळत बसलेला असतो.

मी मंगळवारी वाचनालयात बसते,
हीटरजवळच्या टेबलाशी, पाटी लावून :
बँकेचं काही अडलंय? विचारा.
पगार नाही. चहा मिळतो, तोही कधीमधी.

इद्वल प्रिथर्च आले ते टोपी हातात घेऊन,
काउंटरवर यायचे तसेच.
पाटीच्या दगडाच्या खाणींखालचं हे गाव,
यातला एकूण एक पियानो त्यांनी सुरात लावलाय :
चॅपलमधला, शाळेतला, पबमधला तो बिअर प्यालेलासुद्धा.
पैशांचं मात्र सगळं नेस्ता बघायची.
नेस्ता फेब्रुवारीत गेली.

अ‍ॅप उघडलं तर विचारतं,
तुमच्या आठवणीच्या शब्दाचं तिसरं आणि सातवं अक्षर सांगा.
"एकोणपन्नास वर्षं संसार केला, एलेरी," ते म्हणाले,
"शब्द कुठला, तेवढं विचारायचं राहिलं."

म्हणजे नवं खातं. एकट्याच्या नावाचं.
मी चार बँकांची माहितीपत्रकं मांडली.
ही खातं हलवलं की पैसे देते, ही मोबाइलवर झटपट,
ही अंगठ्याने उघडते –
त्यांचा अंगठा तारांनी इतका गुळगुळीत झालेला
की फोनला तो माणसाचा वाटेना.

"चालू खातं म्हणजे, त्यात चालू काय असतं?"
पैसे येतात, मी म्हटलं, आणि जातात.
"नेस्ताचे चार पौंड जातात लाइफबोटवाल्यांना, दर पहिल्या तारखेला.
ते चुकता कामा नयेत. बाकी मी ऐकून सांगतो."

मला वाटलं, विचार करून सांगतो म्हणाले.

पुढच्या मंगळवारी वही आणली.
झोप नसतेच, तर रोज रात्री सव्वातीनला
एकेका बँकेला फोन लावलेला.

पहिली : होल्डवरचा पियानो पाव सूर उतरलेला.
वीस मिनिटं. सहन होईना.

दुसरी : यंत्र. मी वेल्शमध्ये बोललो.
त्याने माझं कार्ड चोरीला गेल्याची नोंद केली.

तिसरी : तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
एकोणतीस वेळा.

चौथी : बाई. चौथ्या रिंगला.
मागे कुणीतरी कपात चमचा फिरवत होतं.
विचारलं, बायको वारली तर तिचे चार पौंड
तिच्याच नावाने जाऊ शकतात का?
म्हणाली, मला माहीत नाही, थांबा, विचारून येते.
आली.

'आली'खाली दोन रेघा.

मी सांगून पाहिलं :
हिला व्याज नाही, भेट नाही,
अ‍ॅप असं की करड्यावर करडी बटणं.
"व्याज?" ते म्हणाले,
एखाद्याने जेवण झाल्यावर भाकरी वाढावी तसे.

मला माहीत नाही, असं सव्वीस वर्षांत
मी एकदाही म्हटलेलं नाही.
म्हणू नये, असं प्रशिक्षणातच होतं.

मग फोटो. चेहरा चौकटीत आणा.
चौकट त्यांना सहा वेळा नाकारत राहिली,
शेवटी बालविभागाच्या खिडकीशी उभं केलं,
मागे कागदी डायनासोर, तेव्हा पटलं.

नवा आठवणीचा शब्द निवडा. किमान आठ अक्षरं.

मी हीटरकडे बघत राहिले, काउंटरची सवय.
एका बोटाने, थांबत थांबत,
दाबलेल्या प्रत्येक अक्षरानंतर मान किंचित कलती.

"हा कुणाला तरी ठाऊक हवा," ते उठताना म्हणाले.
"पण सगळा नको. तिसरं आर. सातवं डी."
टोपी घातली, गेले.

तेव्हापासून मंगळवारी कुणी फिरकलं नाही की
मी त्या दोन अक्षरांभोवती
शब्द बसवून बघते.
जुन्या कॅशियरने करू नये ते काम.