वळणाची त्रिज्या

परळच्या दुकानात तन्वीरने विचारलं,
"काका, चाकं तीन की चार?"
मी, पस्तीस वर्षं रस्ते खात्यात
इंचाइंचाला सही केलेला माणूस,
काठीवर हनुवटी टेकून गप्प.

तिनाची वळते जागच्या जागी.
चाराची उतारावर डगमगत नाही.
शिशाची बॅटरी स्वस्त, पण ती उचलायला
धड गुडघ्यांची दोन माणसं हवीत.
लिथियमची हलकी.
किंमत ऐकून मृण्मयी
माझ्याकडे न बघता म्हणाली, "तीच घेऊ."
मी म्हटलं, आधी मोजतो.

घरी टेप काढला. तोच, पिवळा,
पहिले दोन इंच झिजून गेलेला.
दोनापासून धरायचा, मनात दोन वजा करायचे,
सवय आहे.
लिफ्टचं जाळीचं दार, सव्वीस.
सामंतांचा चपलांचा स्टँड,
नऊ इंच पॅसेज त्याने गिळलाय.
फाटकाचा उंबरा, तीन.
मीटरच्या खोलीतलं सॉकेट
सोसायटीच्या पुढच्या सभेत, विषय क्रमांक सहा,
गच्चीच्या गळतीनंतर, इतर विषयांच्या आधी.

मला लांब कुठे जायचं नाही.
गोपी टँकच्या बाजारापर्यंत.
चौदा महिने झाले,
घरात बोंबील येतात ते दुसऱ्याने निवडलेले.
बोटाने दाबून बघायचेत, मग भाव करायचाय,
मग "राहू दे" म्हणून दोन पावलं पुढे...
दोन पावलं नाही. जे काय असेल ते.

पण मध्ये फुटपाथ आहे.
कागदावर सहा इंच, जागेवर नऊ.
रस्ता वर आला की फुटपाथ वर न्यायचा,
ब्लॉक बदलले की आणखी थोडा,
कसा वाढतो ते मला विचारा.
आणि त्याच्या तोंडाशी
स्टीलचे खांब.

मोटारसायकली चढतात, लोकांच्या तक्रारी होत्या.
फाईल माझ्याच टेबलावर आली.
दोन खांबांत अंतर किती?
मी लिहिलं, अठरा इंच,
माणूस सहज जाईल.
खाली सही, तारीख, शिक्का.
माणूस म्हणजे कोण,
हे कुणी विचारलं नाही,
आणि मीही जेवायच्या सुट्टीच्या घाईत होतो.

स्कूटरची रुंदी एकवीस.

पहाटे साडेपाचला, कुणी बघायच्या आत,
टेप घेऊन खाली गेलो.
पहिला ते दुसरा, अठरा. दुसरा ते तिसरा, अठरा.
काम चोख झालं होतं, काय सांगू.
चौथा खांब नव्हता.
चार बोल्ट, कापलेले, कडा गंजून गुळगुळीत,
आणि कर्बला टेकवलेली एक जाड फळी
जिच्यावरून शहाळ्यांची हातगाडी
निवांत वर चढत होती.

रामसुमेर. त्याला मी दोनदा नोटीस दिली होती.
हातातला टेप बघून त्याचा चेहरा उतरला.
"साहब, खंबा तो पहलेसे ऐसाच था."
"असू दे," म्हटलं, "जरा गाडी बाजूला घे."

मोकळी जागा, चाळीस इंच.
फळीचा चढ, एकास सहा.
नियमात एकास बारा लागतो. नियम मला पाठ आहे.
म्हणजे चार चाकंच हवीत.
लिफ्टमध्ये वळणार नाही ती,
नाही तर नाही,
सरळ आत जाईन, उलटा बाहेर येईन,
सामंतांशी मात्र बोलावं लागेल.

साडेदहाला तन्वीरला फोन केला. चाराची. लिथियम.
"रंग काका? लाल आहे, निळा आहे."
असा रकाना मला आयुष्यात भरावा लागला नव्हता.
"सांगतो," म्हटलं, आणि खिडकीतून खाली
हाक मारली, "रामसुमेर,
फळी रोज किती वाजेपर्यंत असते?"

त्याने वर बघितलं, कोयता हातात,
अजून थोडा भ्यालेलाच.
"आप बोलो, साहब."