बर्फाखाली अर्धा तास

आलासी पहारीने बर्फाला भोक पाडते,
गुडघे टेकून कान लावते.
खाली पाणी बोलत नाही, म्हणजे समुद्र गेला.
"चला," म्हणते, आणि आम्ही तिघं
एकामागून एक उतरतो
समुद्र एरवी जिथे असतो तिथे.

वर बर्फाचं छत, खडकांवर टेकलेलं,
मधूनच कुरकुरतं.
हातभर जाड. पूर्वी दोन हात असायचं.
खाली शेवाळ, चिखल, खारा वास,
टॉर्चच्या उजेडात काळ्या शिंपल्यांचे घोस.
पौर्णिमा परवा झाली, आजचं उधाण मोठं,
तरी हाताशी अर्धा तास.
फार तर पस्तीस मिनिटं.

मी या गावात आले ती एका यंत्रापायी.
शाळेच्या तळघरात, बॉयलरशेजारी बसून
ते चंद्राची ओढ मोजतं.
त्याची रेघ सांगते, रोज दोनदा
हा अख्खा गाव जेमतेम वीतभर
वर उचलला जातो, परत खाली ठेवला जातो:
डोंगर, चर्च, डिझेलची टाकी,
दुकानातला सोन्याच्या भावाचा कोबी,
झोपलेली कुत्री.
जेवताना हे सांगितलं तर
आलासीचा भाचा याका हसत सुटला.
"मग चहा कसा सांडत नाही?"
कारण कपही उचलला जातो, टेबलही, तूही.
तो बराच वेळ कपाकडे बघत राहिला.

आलासीला नवल वाटलं नाही.
जमीन तर उठतेच आहे, म्हणाली,
तिचा बाप ज्या खडकाला होडी बांधायचा
तो आता कोरडा पडलाय.
(हजारो वर्षांपूर्वी हिमाचं ओझं उतरलं,
जमिनीची पाठ अजून सरळ होते आहे.
हे माझं वाक्य. तिचं फक्त, "कोरडा पडलाय.")

आणि दर अठरा-एकोणीस वर्षांनी
समुद्र थोडा जास्त लांब जातो.
असं तिने तीनदा पाहिलं.
पहिल्यांदा ती काकाच्या पाठीवर होती.
दुसऱ्यांदा पोटात मूल होतं.
तिसऱ्यांदा ते मूल नव्हतं.

चंद्राची वाट डुलते, त्या डुलण्याचा आकडा
माझ्या वहीत आहे, दशांशचिन्हासकट.
तिच्याकडे ती तीन वर्षं आहेत.

बाहेर सामुद्रधुनीत
चंद्र लांबूनच रवी ओढतो,
तळाचं पाणी वर, वरचं खाली,
आणि ते घुसळलेलं पाणी दक्षिणेला निघतं.
पुढे कुठल्या किनाऱ्यावर धुकं किती दिवस बसेल
यात त्याचाही हात असावा.
असावा, म्हणते मी.
किती, ते अजून कुणी छातीठोक सांगत नाही.
पण यंदा बर्फ धरायला जानेवारी उजाडला,
त्याचं खापर चंद्रावर फोडता येत नाही.
तो दर वर्षी दोन बोटं मागे सरकतो आहे,
आपला दिवस शतकागणिक लांबवतो आहे,
पापणी लवायला लागतो त्याच्या
पन्नासाव्या हिश्शाने.
एवढ्या धिम्या माणसाला कोण धरणार?

"याका, बस झालं."
त्याचा हात कपारीत, बादली अर्धी.
लांब अंधारात कुणी पोतं ओढावं तसा आवाज,
मग छत एकदा कण्हतं.
आलासी पळत नाही. शिंपला दगडावर फोडते,
कच्चाच तोंडात टाकते, चावत चावत
शिडीकडे बोट दाखवते.

वर आल्यावर तिने भोकावर फळी टाकली.
खाली समुद्र आपल्या जागी परतत होता.
त्या अर्ध्या तासात आम्ही
थोडे वर होतो की थोडे खाली,
उद्या रेघ बघितल्याशिवाय
मला सांगता यायचं नाही.