तसूभर कमी

चाळीस इंच. बेचाळीसपर्यंत चालतं.
मागे खेळणाऱ्या चौघांना लांब काठी,
बावन्नपासून पुढे; बहात्तरच्या वर मात्र नाही.
डोकं रुंदीला साडेसहा ते दहा,
गोलीचं बारापर्यंत.
जाळी इतकीच खोल, की चेंडू ठेवल्यावर
त्याचा माथा कडेखाली बुडू नये.
आणि काठी उलटी केली की चेंडू पडला पाहिजे,
आपणहून, न झटकता.
हे मी झोपेतही म्हणू शकतो.
बायको सांगते, म्हणतोच.

त्या शनिवारी नदीकाठचं मैदान होतं,
सेंट लॉरेन्सचा वारा आणि कडेला
एप्रिलातला काळवंडलेला बर्फ.
तिसऱ्या सत्रात पाहुण्यांच्या प्रशिक्षकाने हात वर केला:
"एकवीस नंबर. काठी तपासा."

एकवीस म्हणजे लझोरचा धाकटा, ड्वेन.
हिकरीचा दांडा, वर प्लास्टिकचं पांढरं डोकं,
मुठीशी गुंडाळलेली पट्टी घामाने काळी.
त्याने काठी दिली, जशी कुणी
झोपलेलं मूल दुसऱ्याच्या हातात देतं.

जाळी ठीक. रुंदी ठीक. चेंडू पडला.
लांबी एकोणचाळीस आणि अर्धा.
पुन्हा मोजली. एकोणचाळीस आणि अर्धा.
"थंडीत लाकूड आखडतं हो," गर्दीतून कुणीतरी.
आखडतं, पण अर्धा इंच नाही आखडत.

तीन मिनिटं बाहेर. काठी टेबलावर जमा.
तेवढ्यात पाहुण्यांचे दोन गोल झाले.
नियमाचं पालन झालं.

टेबलावर बर्निस टारबेल घड्याळ सांभाळायची,
हातमोजे घालूनच बटण दाबायची.
मान वर न करता म्हणाली,
"रसेलची आहे ती. बेचाळीस होती."
मग?
"नोव्हेंबरात गेला. पुलावर, ट्रकखाली.
आमच्यात माणसासोबत त्याची काठी जाते.
पण घरात दोघांत एकच होती.
मोठ्या लोकांचं बोलणं रात्रभर चाललं,
पहाटे काकाने करवत आणली.
अडीच इंच त्याच्याबरोबर गेली.
उरलेली याच्याकडे."

बेचाळीस वजा अडीच.
मी मनात हिशेब केला, लगेच जुळला.
टेप चुकली असती तर बरं झालं असतं.

नियमपुस्तकात मोडलेल्या काठीला कलम आहे,
भेगाळलेल्या काठीला आहे,
सामन्याच्या मध्यात बदललेल्या काठीलाही आहे.
भावाभावांत वाटलेल्या काठीला नाही.
मी त्या रात्री गाडीत दिवा लावून पाहिलं.

सामना संपल्यावर काठी परत केली.
म्हणालो, टोकाला जाड रबरी टोपी बसव,
ती लांबीत धरतात.
त्याने काठी फिरवून करवतीची कड पाहिली,
पट्टीखाली ती अजून पिवळी होती.
"रसेलकडे अडीच इंचच आहे," तो म्हणाला.
"तिथे तपासतात का?"

बावीस वर्षं शिट्टी गळ्यात घातली आहे.
आया, प्रशिक्षक, दारू प्यालेले मामे,
सगळ्यांना उत्तर दिलंय.
त्याला म्हणालो, "मला माहीत नाही."
तो हसला. खरंच हसला,
आणि बसच्या दिशेने धावत गेला,
काठी खांद्यावर नाही, पोटाशी धरून.

पुढच्या पंधरवड्यात दुसरं मैदान, दुसरा प्रशिक्षक,
पुन्हा वर गेलेला हात: "एकवीस नंबर."
टोकाला निळी टोपी होती, ट्रॅक्टरच्या कुठल्याशा
भागाची असावी, ग्रीसचा वास येत होता.
मी टेप लावली, गुडघ्यावर बसलो.

"चाळीस," म्हणालो मी.
गरजेपेक्षा मोठ्याने म्हणालो,
नदीपलीकडे ऐकू जावं इतक्या.
बोट सुटलं, टेप सळकन आत गेली
आणि जाताना अंगठा कापून गेली.